न मोडलेल्या हाताचं प्लास्टर

दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळी माझा भाऊ गजानन खामगाव-चिखली रस्त्यावर अपघातात गेला. रस्त्याकडेला ट्रॉली उभी होती. ट्रॉलीत सोयाबीन होतं. त्याची मोटरसायकल ट्रॉलीला धडकली. तो अमडापूरला, घरी येत होता. तेव्हा माझ्या डाव्या हाताला प्लास्टर होतं. हात मोडलेला नव्हता.

भाद्रपद सरत आला की आमच्याकडे थ्रेशरचा आवाज सुरू होतो. आधी दूरच्या एखाद्या वावरात, मग जवळच्या, मग सगळीकडून. सोंगून उंच ढिगात रचलेल्या सोयाबीनच्या सुड्या एकेक करून उतरतात, यंत्राच्या तोंडात जातात आणि मागून कुटाराच्या भुशाची पिवळी धूळ उडते. ती धूळ चिखलीच्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयापर्यंत येते. मी तिथे ग्रंथपाल आहे. टेबलावर, नोंदवहीवर, उघड्या पुस्तकाच्या पानावर बारीक काड्या येऊन पडतात. दोन महिने मी खिडक्या लावून घेते. पंखा तीच हवा फिरवत राहतो. आवाज कमी होतो, थांबत नाही. मुलं म्हणतात, मॅडम, गुदमरायला होतं. मी म्हणते, बाहेर व्हरांड्यात बसून वाचा. मला स्वतःला मात्र बाहेर बसता येत नाही.

गजू माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. त्याला अक्षरं मी शिकवली. तो हाडांचा डॉक्टर व्हायला शेजारच्या जिल्ह्यातल्या सरकारी कॉलेजात गेला, तेव्हा मला वाटलं होतं की पहिल्या दिवसापासून त्याच्या हातात सुरी देतील. पहिल्या वर्षी हातात बादली देतात, हे मला त्याच्याकडून कळलं.

प्लास्टर रूममधली बादली. तिच्यातलं पाणी कोमट हवं. फार गरम झालं तर प्लास्टर हातात धरेपर्यंत घट्ट होतं, फार थंड झालं तर बसतच नाही. पट्टीचा गुंडा पाण्यात उभा धरायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग दोन्ही टोकं धरून हलकेच दाबायचा, पिळायचा नाही. आधी कापसाचा थर. मनगटाच्या उंचवट्यावर, कोपरावर, जिथे हाड कातडीच्या लगेच खाली असतं तिथे एक जास्त. त्यावरून पट्टी फिरवायची, ओढायची नाही. ओलं असताना आकार द्यायचा तो तळहातानं. बोटं टेकवली तर बोटाचा खड्डा पडतो, वाळतो, आणि आत त्या जागी कातडी सडते. बाहेरून काही दिसत नाही. शेवटी पेननं प्लास्टरवरच हाडाचं चित्र काढायचं, कुठं मोडलंय तिथे रेघ, घातल्याची तारीख, काढायची तारीख. पेशंट कागद हरवतो, हात हरवत नाही, असं त्यांच्याकडे म्हणायचे. मला ही पद्धत आवडली होती. मीही दिवसभर पुस्तकांच्या मागच्या पानावर परत यायच्या तारखांचे शिक्के मारते.

बाकीचं शिक्षण तो येता-जाता करायचा. काळ्या दोऱ्याच्या गाठी मारायचा, एका हातानं, न बघता. जेवताना दोरा पायाच्या अंगठ्याला, झोपताना पलंगाच्या दांडीला. एकदा गोठ्यातला बांबू काढून त्यावर ड्रिल चालवत बसला. बांबूला दोन भिंती असतात, हाडालाही. पलीकडची भिंत ओलांडली की तिथेच थांबायचं, कारण त्यामागे रक्तवाहिनी असते. थांबायचं कसं, तर आवाज ऐकून. "ताई, डोळे झाक नि आयक," तो म्हणायचा. "आता आवाज जाड हाये. आता पातळ झाला. आता लागला पलीकडं." मला तिन्ही आवाज सारखेच वाटायचे. आई म्हणाली, "एवढं डॉक्टरकीचं शिकून शेवटी सुतारच झाला माहा लेक." तो हसला. "आई, सुताराचं लाकूड रडत नाही वं, एवढाच फरक."

आईला त्याच्या विद्येतली एकच गोष्ट मनापासून आवडली होती. प्लास्टर घातल्यावर बोटाचं नख दाबायचं. नख पांढरं पडतं. सोडलं की लाल व्हायला पाहिजे. लाल झालं तर रक्त पोचतंय. आईनं हे उचललं. घरी आलेल्या प्रत्येकाचं नख दाबून बघायची. शेजारच्या गोदाकाकू, दूधवाला, पोस्टमन. "थांब, दाखव. हं, आलं रगत. जित्ता हायेस, जाय."

त्या वर्षी सोयाबीन निघायला लागलं आणि त्याचा वॉर्ड भरला. दरवर्षी भरतो. यंत्रात हात जातो, ट्रॉलीवरून माणूस पडतो, सुडीवरून घसरतो. खाटा संपल्या की गाद्या खाली येतात. गजू पहिल्या वर्षाचा. पहिल्या वर्षाचा रेसिडेंट वॉर्डातच राहतो, असं म्हटलं तरी चालेल. वॉर्डाला लागून एक खोली होती, तीत एक पलंग आणि तिघं जण. एकदा फोनवर त्यानं मला विचारलं, "ताई, पाऊस गेला का?" पाऊस जाऊन पंधरा दिवस झाले होते.

त्याची चूक त्या गर्दीत झाली. रोहिणखेडच्या बाजूचा एक शेतकरी, सुडीवरून पडून हाताची दोन्ही हाडं मोडलेला. ताज्या मोडीला सूज येते, म्हणून आधी अर्धंच प्लास्टर देतात, एका बाजूनं, वरून साधी पट्टी. सूज उतरल्यावर पूर्ण. गजूनं पहिल्याच दिवशी पूर्ण गोल घातलं. त्याला वाटलं, माणूस दूरच्या गावचा, पुन्हा यायला त्रास नको. दयेनं केलेली चूक होती. संध्याकाळी त्यानं विचारलं, "दुखते का बाबा?" तो म्हणाला, "चालते साहेब." पुन्हा विचारलं. "नाई नाई, बरं हाये." सकाळी बोटं निळसर झाली होती. सीनियरनं धावत येऊन प्लास्टर उभं फाडलं. हात वाचला.

त्यांच्या युनिटच्या सरांनी सगळ्यांसमोर त्याला उभं केलं. सर ओरडणारे नव्हते, हे वाईट, असं गजू म्हणायचा. ते म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही कुठले?" "बुलडाणा जिल्हा, सर." "मग तुम्हाला माहीत पाहिजे. आपला माणूस डॉक्टरसमोर दुखतं म्हणत नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून बरं आहे म्हणतो. तो 'बरं' म्हणाला तर विश्वास ठेवू नका. 'दुखतं' म्हणाला तर लगेच विश्वास ठेवा. आधी कापा, मग विचारा. उगीच कापलं तर एक प्लास्टर जाईल. नाही कापलं तर हात जाईल." मग महिनाभर त्याला ऑपरेशन थिएटरमध्ये यायला मनाई केली. महिनाभर फक्त प्लास्टर रूम.

घटस्थापनेला त्याला एक दिवस मिळाला. तो सकाळी आला, पाठीवरच्या पिशवीत कापसाचे आणि प्लास्टरचे गुंडे. आईनं देवघरात काळी माती, तिच्यात गहू पेरून घट मांडला होता. गजूनं नमस्कार केला आणि बाहेर येऊन म्हणाला, "ताई, हात दे."

"कशाला?"

"प्लास्टर घालतो. डावा दे, उजव्यानं तुले लिहायचं असते."

"अरे पण मोडला कुठंय?"

"म्हणूनच. मोडलेला माणूस मले खरं सांगत नाही. तू सांगशील. तू पुस्तकातली बाई हायेस, तुह्याकडं शब्द हायेत. आत काय होते, कुठं लागते, केव्हा लागते, मले कोनीच सांगत नाही ना. सगळे म्हणतात चालते. मले आयकायचं हाये एकदा."

आई पदराला हात पुसत दारात उभी. "काय रे, चांगल्या हाताले पांगळं करतं! लोक काय म्हनतीन?"

"म्हनतीन पोरीचा हात मोडला."

"नि लगन?" आई म्हणाली. मी एकोणचाळीस वर्षांची होते. आम्ही तिघंही हसलो.

ओसरीवर खुर्चीत बसवून त्यानं घातलं. चाळीस मिनिटं लागली. कापूस गुंडाळताना तो श्वास घ्यायचा विसरायचा आणि मग एकदम मोठा घ्यायचा. प्लास्टर वाळताना आधी गरम होतं, हे मला माहीत नव्हतं. हात आतून तापल्यासारखा झाला, मग हळूहळू गार, मग जड. ओल्या चुन्याचा वास. त्यानं तळहातानं आकार दिला, बोटं वर धरून, नमस्कार अर्धा राहिल्यासारखे त्याचे हात. मग पेन काढलं आणि हाताची दोन हाडं काढली. मोडीची रेघ काढायला पेन टेकवलं आणि थांबला. "मोडच नाही वं," म्हणाला. चित्र तसंच ठेवलं, दोन अखंड हाडं. खाली तारीख. काढायच्या तारखेच्या जागी लिहिलं, दसरा.

"नऊ दिवस?"

"नऊ दिवस. रोज संध्याकाळी फोन करतो. एक अट. 'बरं' हा शब्द बंद. 'ठीक' बी बंद."

आईनं माझं नख दाबलं. "आलं रगत," तिनं त्याला सांगितलं, जणू तो परीक्षक आणि ती पास झाली.

त्या नऊ दिवसांबद्दल मी इतकी वर्षं लिहिलं नाही. प्लास्टरमध्ये राहणं म्हणजे काय, हे शब्दांत सांगायचं काम मला दिलं होतं आणि मी ते वहीत केलं होतं. वही आहे. पहिल्या दिवशी लिहिलंय: हात माझा वाटतो, पण कुणीतरी धरून ठेवलाय. दुसऱ्या दिवशी: मनगटाच्या बाहेरच्या हाडापाशी कडा लागते, फक्त दार उघडताना. तिसऱ्या दिवशी: खाज. दुखण्याहून वाईट. दुखतं तिथे हात ठेवता येतो, खाजतं तिथे पोचता येत नाही. चौथ्या दिवशी: झोपेत कुशीवर वळताना हात माझ्यानंतर येतो. पाचव्या दिवशी: आत घाम. कागदाच्या गठ्ठ्यासारखा वास, ओलसर गोदामातला.

संध्याकाळी मी त्याला वाचून दाखवायची. तो मध्ये प्रश्न विचारायचा. खाज कुठून सुरू झाली? हात खाली सोडल्यावर वाढते की वर धरल्यावर? बोटं मी ओढली तर दुखेल असं वाटते का? एकदा म्हणाला, "'हात माझ्यानंतर येतो' हे पुन्हा वाच." मी वाचलं. तो म्हणाला, "आज एका आजीले मी विचारलं, कुशीवर वळता येते का. ती रडायले लागली. म्हणाली, हेच तर सांगायचं होतं बाप्पा, पण हे कोनाले सांगाव?" त्या दिवशी त्याचा आवाज उजळ होता.

ग्रंथालयात सगळे विचारायचे, कसं झालं मॅडम. मी म्हणायची, घसरले. नऊ दिवसांत मी इतक्या जणांना घसरले म्हणून सांगितलं की पायऱ्या उतरताना खरोखर कठडा धरायला लागले. देवघरात गहू उगवून आला होता. अंधाऱ्या कोपऱ्यातला तो पिवळा, पातळ, सरळ वर गेलेला. मला त्याच्याकडे बघून हाताची आठवण यायची. मी आत काय होत असेल याचा विचार करायची. उजेड नसताना कातडीचा रंग कसा होत असेल.

अष्टमीला त्याचा फोन उशिरा आला आणि त्यानं वही वाच म्हटलं नाही. दसऱ्याला येता येणार नाही म्हणाला. वॉर्ड भरलाय, एक जण आजारी पडलाय, त्याच्या ड्यूट्या वाटून घेतल्यात. "कोजागिरीले येतो. तोवर राहू दे, नाही तर पाण्यात भिजवून काढून टाक." मागे कुणीतरी सिस्टरला हाक मारत होतं. मग म्हणाला, "ताई, मले वाटते हा हात माहा या कामाचा नाही. सोडतो म्हटलं तर सोडता बी येत नाही, पुढं लवकर कुठं घेत नाहीत. तू तं दसऱ्याले सुटशील."

ते वाक्य मी दोन दिवस घेऊन फिरले.

दसऱ्याला दुपारी मीच फोन केला. हे मला नीट लिहायचं आहे. मी म्हटलं, "गजू, प्लास्टर घट्ट झालंय. दुखतंय."

तो एकदम सावध झाला. "कधीपासून? बोटं कशी हायेत? नख दाब."

"सकाळपासून. बोटं जड वाटतात."

"आत्ता उठ. चिखलीले जा, कोनत्याही हाडाच्या डॉक्टरकडं."

"फोन करून बघितला. आज दसरा, कुणी नाही." मी फोन केला नव्हता.

"बादलीत कोमट पाणी घे. हात बुडवून बस. पट्टीचं टोक सुटलं की उलगडत जा. मी निघालो. ताई, हात वर धर तोवर. खाली सोडू नको."

हात दुखत नव्हता. कडा दार उघडताना लागायची तेवढीच. तो येईल, पोळी खाईल, आईच्या हातात सोनं देईल, झोपेल. झोपला की त्याच्या डोक्यातला तो विचार जाईल, असं मला वाटलं होतं. आणि मला तो सणाला हवा होता. आणि खाज सहन होत नव्हती. यातलं कुठलं किती, हे मी वेगळं काढू शकलेले नाही. त्याची ड्यूटी सकाळी कागदावर संपली होती आणि दुपारीही तो वॉर्डातच होता. दोन रात्री तो झोपलेला नव्हता. हे मला माहीत होतं.

मी बादली भरून ठेवली, पण हात बुडवला नाही. तो आल्यावर त्यानंच काढावं असं वाटत होतं. आई म्हणाली, "काऊन वं बाई, बादली काऊन मांडली मधात?" मी म्हटलं, गजू येतोय. आईनं कणकेचा आणखी एक गोळा भिजवला. संध्याकाळ झाली. पाणी गार झालं. पोरं घरोघरी आपट्याची पानं देत फिरत होती. आमच्या दाराशी जीप थांबली तेव्हा मला वाटलं, सोनं द्यायला कुणी आलं.

तिसऱ्या दिवशी फैजान आला. गजूच्याच वर्षाचा, त्याच खोलीतला, त्याच पलंगाचा तिसरा वाटेकरी. ओसरीवर बायका बसलेल्या. तो चपला काढून खाली बसला, आईच्या पायाला हात लावला, आणि बराच वेळ पायाशीच बसून राहिला. मग त्याचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. त्यानं पिशवीतून एक छोटं यंत्र काढलं. म्हणाला, "ताई, ये काढून टाकू. म्हणून आणलं मी."

आम्ही मागच्या अंगणात गेलो. यंत्राची गोल पाती घरघरायला लागली. आधी त्यानं ती स्वतःच्या तळहातावर टेकवली. कातडी कापत नाही, फक्त थरथरते, हे पेशंटला आधी स्वतःवर करून दाखवायचं असतं. मग बंद केलं. कापायच्या आधी तपासायचं, हेही असतं. त्यानं प्लास्टरच्या कडेखाली करंगळी घातली. ती सहज गेली. माझी बोटं एकेक करून मागे ओढली, माझ्या चेहऱ्याकडे बघत. नख दाबलं. मग सगळं प्लास्टर तळव्यानं चाचपत खालपर्यंत आला.

"तो म्हणाला होता, घट्ट झालं," फैजान म्हणाला. "म्हणे, ताईचं प्लास्टर घट्ट झालं, निकलता हूँ. आम्ही म्हटलं, थोडा झोप, मग जा. म्हणाला, आधी कापायचं, मग विचारायचं. ताई, कुठं दुखत होतं?"

चुलीवर कुणीतरी पाणी ठेवलं होतं. ते उकळत होतं.

"कुठंच नाही," मी म्हटलं.

त्याचा हात माझ्या मनगटावर होता. त्यानं तो काढला नाही. म्हणाला, "एकही खड्डा नाही, ताई. कापूस सगळीकडं सारखा. सरांना दाखवायला पाहिजे होतं हे." मग यंत्र सुरू केलं. पांढरी भुकटी उडाली, माझ्या काळ्या साडीवर, त्याच्या केसांवर. दोन रेघांत प्लास्टर दोन भाग झालं आणि आतून हात निघाला. पिवळट, बारीक, कोंडा सुटलेला, लव वाढलेली. वारा लागला तेव्हा काटा आला, फक्त त्या हातावर. फैजाननं कुणाला काही सांगितलं नाही. मीही नाही.

आई सगळ्यांना सांगायची, "सन होता म्हनून आला वं माहा लेक. सुट्टी नव्हती, तरी सनाले आला." येणारा प्रत्येक माणूस मान हलवायचा. मायेचं पोरगं होतं, म्हणायचा. या वाक्यावर आई उठायला लागली, जेवायला लागली, पुढच्या वर्षी घट मांडायला लागली. मी ते वाक्य काढून घेऊ शकत नव्हते आणि त्याच्या आत राहूही शकत नव्हते. प्लास्टर नऊ दिवसांचं होतं. याला सहा वर्षं झाली.

गजूच्या पलंगाच्या दांडीवर काळ्या दोऱ्याच्या गाठी अजून आहेत. आई चादर बदलताना त्यांना धक्का लागू देत नाही.

फैजान आता तिथेच शिकवतो. गजू गेल्याच्या दुसऱ्या वर्षी त्याचा फोन आला. नवी पोरं आली आहेत, थ्रेशरचा सीझन सुरू होतोय. "ताई, एक गोष्ट विचारू? नाही म्हटलं तरी चालेल. आमच्याकडं दुखतंय असं नीट सांगणारा पेशंट नाही." तेव्हापासून दरवर्षी मी घटस्थापनेच्या आधी एक दिवस जाते. आईला सांगते, पुस्तकं आणायला चालले. सकाळची एसटी घेते, त्याच रस्त्यानं. ती जागा येते तेव्हा डोळे मिटत नाही. तिथे कधी ट्रॉली असते, कधी नुसतं वाळत घातलेलं सोयाबीन आणि राखायला बसलेली म्हातारी.

प्लास्टर रूम लहान आहे, खिडकी उंच, फरशी पांढरी झालेली. नवे रेसिडेंट माझ्या डाव्या हाताला प्लास्टर घालतात. मी डोळे मिटून सांगते. इथे ओढलं. इथे बोट टेकलं तुझं. इथे कापूस कमी आहे, आता नाही लागणार, परवा लागेल. 'ठीक आहे' म्हणायला मला मनाई आहे, हे त्यांना फैजान आधीच सांगून ठेवतो. दिवस मावळायच्या आत ते कापतात. मुलं थकलेली असतात. कुणाच्या डोळ्याखाली काळं, कुणाच्या ॲप्रनच्या खिशात अर्धा खाल्लेला बिस्किटाचा पुडा. मी त्यांना विचारते, शेवटचं ऊन कधी बघितलं. ते हसतात, आठवायला लागतात.

या वर्षी एक मुलगी होती, पहिल्या वर्षाची. मेहकरची. तिचा हात हलका होता आणि ती श्वास घ्यायला विसरायची. प्लास्टर झाल्यावर तिनं कडेखाली करंगळी घातली, नख दाबलं, सगळं नीट केलं. मग हात पुसत सहज म्हणाली, "मॅडम, पेशंट बरं आहे म्हणून खोटं बोलतात, हे सर सांगतात. पण दुखत नसताना दुखतंय म्हणून पण बोलतात का कोणी?"

फैजान कपाटाशी पाठमोरा उभा होता. तो वळला नाही.

"बोलतात," मी म्हटलं.

"मग काय करायचं?"

"तरी कापायचं. पण आधी झोपून घ्यायचं थोडं. घाई करायची नाही."

तिला ते पटलं नसावं. दुखतं म्हटल्यावर घाई करायची, हेच तर तिला शिकवलं होतं. ती 'हो मॅडम' म्हणाली. चूक कुणाची, हे तिला कुठून कळणार. नियम बरोबर होता. गजूनं नियम पाळला होता. त्याचा हात त्या कामाचाच होता. ही गोष्ट मी सहा वर्षं माझ्यापाशी ठेवली, आणि ठेवून घ्यायचा हक्क माझा नव्हता, असं मला परतीच्या एसटीत वाटलं. आईला तिचा लेक सणाला आला एवढंच माहीत होतं. तो कसा डॉक्टर झाला होता, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

घरी पोचले तेव्हा आई दुसऱ्या दिवशीच्या घटासाठी माती चाळत बसली होती. माझ्या हातावर पट्टीचा लाल वळ उठला होता आणि कोपरापाशी पांढरी भुकटी राहिली होती. आईला आता कमी दिसतं, पण हे दिसलं.

"काय झालं वं हाताले?"

मी तिच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं. कुठे जाते ते. मग फोनचं. प्लास्टर घट्ट नव्हतं, दुखत नव्हतं, मी बोलावलं म्हणून तो निघाला. आधी कापायचं, मग विचारायचं, म्हणून निघाला. न झोपता निघाला. सगळं सांगून झालं तेव्हा बाहेर थ्रेशर थांबला होता.

आई चाळणी हातात धरून बसली होती. तिनं ती खाली ठेवली. माती झटकली. म्हणाली, "हात इकडं कर."

मी डावा हात पुढे केला. तिनं माझ्या मधल्या बोटाचं नख दाबलं. अंगात जेवढा जोर आहे तेवढा लावून दाबलं, आणि सोडलं नाही. मला दुखलं. मी हात ओढला नाही.

"दुखते?" तिनं विचारलं.

"हो."

मग तिनं सोडलं. नखाकडे बघत राहिली, डोळ्यांजवळ नेऊन.

"आलं रगत," ती म्हणाली, आणि चाळणी उचलली.

त्यानंतर ती माझ्याशी तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी तिनं वही मागितली. तिला अक्षर लागत नाही, म्हणून मी रोज एक दिवस वाचून दाखवते. आज पाचवा वाचला. घटातला गहू वीतभर वर आला आहे. आई आता सणाला आला असं कुणाला म्हणत नाही. त्याच्या जागी ती अजून काहीच म्हणत नाही.

कपाटात पुस्तकांच्या खालच्या फळीवर प्लास्टरचे दोन भाग आहेत. एकावर दोन अखंड हाडं काढलेली आहेत, तारीख आहे, आणि काढायच्या दिवसाच्या जागी दसरा लिहिलेलं आहे. शाई फिकी झाली आहे. वाचता येते.

डाव्या हाताला काही झालेलं नाही.